सार्वमताची बंधनकारकता
सार्वमत म्हणजे एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर मतदारांचा प्रत्यक्ष कौल घेण्याची पद्धत. हा कौल शासनावर विधितः बंधनकारक ठरतो की नाही, हे मताधिक्यावर नव्हे, तर ज्या संविधानानुसार वा अधिनियमानुसार तो घेतला जातो, त्यातील तरतुदींवर अवलंबून असते. आयर्लंडमध्ये सार्वमताच्या मान्यतेशिवाय संविधानदुरुस्ती होऊच शकत नाही. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम असल्याने सार्वमत सामान्यतः सल्लावजा असते. मात्र २०११ साली मतदानपद्धतीतील बदलास कौल मिळाल्यास तो अमलात आणण्याचे बंधन अधिनियमानेच मंत्र्यांवर घातले होते. मतदारांनी तो बदल नाकारला. २०१६ मध्ये यूरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने ५१.९% मते पडली. परंतु त्या अधिनियमात अशी तरतूद नव्हती. म्हणून संसदेच्या संमतीचा अधिनियम झाल्याविना शासनास संघत्यागाची सूचना देता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

भारतीय संविधानात सार्वमताची तरतूद नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी खास अधिनियमान्वये जनमत अजमावण्यात आले. महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. राज्यरचना बदलण्याचा अधिकार संसदेचाच होता. तथापि हा कौल मानला गेला आणि विलीनीकरण झाले नाही. विधीचे बंधन नसले, तरी लोकमताचे नैतिक व राजकीय बंधन शासनास सहसा टाळता येत नाही.