आधी मोजा, मग खोला: जुन्या ब्रिटिश इंजिनांविषयीचे गैरसमज

जुन्या ब्रिटिश मोटारींचं इंजिन घरी बांधण्याचा छंद म्हटलं, की धाराशिव जिल्ह्यात पहिला प्रश्न येतो: आपल्याकडे अशा गाड्या आहेत कुठे? डोळ्यांपुढे उभी राहते ती रोल्स-रॉइस. ज्यांच्या नावावरून हा जिल्हा इतकी वर्षं उस्मानाबाद म्हणवला गेला, त्या मीर उस्मान अली खान यांच्या दरबारची पिवळी सिल्व्हर घोस्ट आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. ती पाहून आलेल्या माणसाला हा छंद निजामाचा वाटला तर नवल नाही.

पण साहेबांची पांढरी अँबॅसिडर आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, आणि ती जन्माने ब्रिटिशच. मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज 3 ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याला अँबॅसिडर या नावाने काढली आणि मे 2014 पर्यंत तिचं उत्पादन चालू ठेवलं. तिच्या आधीची लँडमास्टर आणि हिंदुस्तान टेन, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड, हीदेखील जन्माने ब्रिटिशच. गावाकडच्या वाड्यामागे, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली उभी राहिलेली जुनी गाडी यांपैकीच एखादी असण्याची शक्यता मोठी. या लेखात मुख्यतः अँबॅसिडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन डोळ्यांपुढे ठेवलं आहे, कारण शिकायला त्याच्याइतकं मोकळं आणि समजूतदार इंजिन मला दुसरं माहीत नाही.

गैरसमज: सुटे भाग मिळत नाहीत

हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरीज’मधलं. एमजीए ही ब्रिटनची देखणी स्पोर्ट्स कार 1955 मध्ये आली, तेव्हा तिच्यातही याच कुळातलं 1489 सीसीचं इंजिन होतं. म्हणजे एका बाजूला भारतात कित्येक दशकं चाललेली टॅक्सी आणि सरकारी गाडी, दुसऱ्या बाजूला जगभर जपली जाणारी स्पोर्ट्स कार, आणि दोन्हींच्या पोटात भावंडं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, वॉल्व्ह, गॅसकेट यांचा पुरवठा त्यामुळे आटलेला नाही. खबरदारी एवढीच, की कुळ एक असलं तरी प्रत्येक भाग एकमेकांत बसतोच असं नाही. इंजिन नंबर आणि जुना भाग हातात घेऊनच खरेदी करावी.

खरी टंचाई इंजिनाच्या भागांची नसतेच. दरवाज्याची रबरं, काचेच्या पट्ट्या, डॅशबोर्डवरची मूळ घड्याळं हे शोधताना दमछाक होते. म्हणून गाडी घेताना इंजिन बंद आहे याची फार धास्ती घेऊ नये; बॉडीचा पत्रा आणि कागदपत्रं आधी पाहावीत.

गैरसमज: धूर निघतो, म्हणजे फुल इंजिन काम

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला, की ‘हाफ इंजिन’ की ‘फुल इंजिन’ एवढीच चर्चा होते, आणि तिसरा पर्याय कुणी तपासत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इतकंच. ते कुठून येतंय हे ठरवायचं बाकी असतं. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी उतरवली आणि पुन्हा पाय दिल्यावर धुराचा लोट आला, तर संशय वॉल्व्ह गाइडवर. चढावर, जोर लावताना सतत धूर, तर रिंगांवर. काळा धूर हा पेट्रोल जास्त जात असल्याचा, त्याचा पिस्टनशी काही संबंध नाही.

मग कॉम्प्रेशन तपासायचं. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवायचा आणि आकडे लिहून ठेवायचे. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर गळती रिंगांतून, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. आकडा हलला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधली हेड गॅसकेट उडालेली असू शकते. हा तासाभराचा उद्योग आहे. नुसतं हेड उतरवून, वॉल्व्ह घासून जे काम झालं असतं, त्यासाठी सबंध इंजिन खोललं गेलं, असं घडतं ते हा तास वाचवल्यामुळे.

गैरसमज: खोललंच आहे, तर बोअर मोठा करून टाका; ताकद वाढेल

या इंजिनाचा मूळ बोअर 73 मिलिमीटरच्या किंचित वर आणि स्ट्रोक 88.9 मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टन थाउच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात मिळतात: दहा, वीस, तीस, चाळीस. चाळीस ओव्हरसाइज म्हणजे व्यासात जवळपास एक मिलिमीटर वाढ. हिशेब केला तर 1489 चे 1531 सीसी होतात. बेचाळीस सीसी, तीन टक्क्यांपेक्षाही कमी. गाडी चालवताना हा फरक कळणारही नाही. उलट सिलिंडरची भिंत पातळ झाली, आणि पुढच्या खेपेला बोअर करायला जागा उरली नाही; मग स्लीव्ह ठोकण्याशिवाय गत्यंतर नाही. ब्लॉकमधलं लोखंड ही परत न मिळणारी शिल्लक आहे, ती कारणाशिवाय खर्चू नये.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, रिंग जिथे उलटी फिरते त्या पट्ट्यात, झीज सर्वांत जास्त असते. खाली ती कमी होत जाते. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटला जातो, म्हणून गोल सिलिंडर लंबगोल होतो. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आडवं आणि उभं, असं सहा ठिकाणी मोजल्यावरच ठरवता येतं, की नुसतं होनिंग आणि नव्या रिंगा पुरतील की बोअर करावाच लागेल. क्रँकच्या जर्नलचंही तेच. ग्राइंडिंग करून बेअरिंग अंडरसाइज टाकायचं की पॉलिशवर भागतंय, हे मायक्रोमीटर सांगतो, बोटाचं नख सांगत नाही.

बोअर, क्रँक ग्राइंडिंग ही कामं घरी होत नाहीत. त्यांना मशीन शॉप लागतं, आणि ते शहरातच गाठावं लागतं. जाताना एक पथ्य पाळावं: आधी पिस्टन विकत घ्यावेत, मगच ब्लॉक द्यावा, म्हणजे कारागीर प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याला बोअर करतो. बाकीचं बरंचसं काम मात्र हाताचं आहे, आणि इथे आपल्या जिल्ह्याची बाजू भक्कम आहे. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाच्या रिंगा बदलणारे, वॉल्व्ह घासणारे हात इथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. नव्या छंदी माणसाने अशा एखाद्या जुन्या मिस्त्रींजवळ बसावं. पुस्तिकेतले आकडे आपले, हाताचा अंदाज त्यांचा.

गैरसमज: इंग्रजी गाडी, म्हणजे इंची पान्हे झाले की झालं

अँबॅसिडरच्या इंजिनाला बहुतांशी अमेरिकी धर्तीचे बारीक इंची आटे आहेत. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ आणि बीएसएफ. त्यांचे पान्हे वेगळेच. पण खरी गंमत हिंदुस्तान टेनची, म्हणजे मुळातल्या मॉरिस टेनची. मॉरिसने 1923 मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. मॉरिसने यंत्रं बदलली नाहीत. इंग्रज मेकॅनिकचा पान्हा बसावा म्हणून बोल्टची डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली. ही प्रथा टेनच्या इंजिनापर्यंत चालत आली. पान्हा इंची, आटा मेट्रिक! डोकं पाहून बाजारातून बोल्ट आणला आणि जोर लावून बसवला, की ब्लॉकमधले आटे गेले. म्हणून थ्रेड गेज विकत घ्या. किमतीला किरकोळ आहे.

गैरसमज: नव्या पेट्रोलवर जुनं इंजिन टिकत नाही

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली शिशाची. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनात एक्झॉस्ट वॉल्व्हची बैठक हेडच्याच बिडात कोरलेली असते, आणि शिशाचा थर तिचं रक्षण करी. तो गेल्यावर बैठक हळूहळू खचते, टॅपेटचा गॅप कमी होत जातो. मात्र ही झीज वेगाने होते ती तासन्‌तास भरधाव चालवल्यावर. रविवारी धाराशिवहून येडशीपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीने टॅपेट वेळच्या वेळी तपासले तरी भागतं. हेड उतरवलंच असेल तर कडक पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट इथेनॉलची, आणि ती तर थेट आपल्या शिवारातली. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला इथेनॉल नवं नाही. आता पेट्रोलमध्ये ते 20 टक्के आहे. त्याने इंजिन बसत नाही, पण तीन परिणाम नक्की होतात. जुनी रबरी नळी, पंपाचा पडदा आणि कॉर्कची गॅसकेट फुगतात किंवा चिरतात; इथेनॉल सहन करणारे भाग घालावेत. ते हवेतलं पाणी शोषतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये. आणि त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. एसयू कार्बोरेटर असेल तर खालचा जेट नट थोडा फिरवून मिश्रण दाट करता येतं. प्लगचा रंग पाहत जावं: पांढराफटक म्हणजे अजून पातळ, फिकट तपकिरी म्हणजे जमलं.

गैरसमज: रेडिएटरला काय, बोअरचं पाणी चालतं

नाही चालत. आपल्या काळ्या खडकातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर ब्लॉकच्या आत, सिलिंडरभोवतीही बसतो, आणि मे महिन्यात काटा वर चढतो. मग थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला मिळतो, जो चुकीचा आहे. थंड चालणारं इंजिन जास्त झिजतं. इंजिन खोललेलं असतानाच ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग काढून आतला गाळ खरवडून घ्यावा, आणि पुढे डिस्टिल्ड वॉटर व कूलंटच घालावं.

गैरसमज: 15 वर्षं झाली, गाडी भंगारातच द्यावी लागते

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, पण तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. सरसकट बंदीच्या बातम्या दिल्ली परिसराच्या. 50 वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाड्यांसाठी 2021 पासून विंटेज नोंदणीही आहे: ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले चालत नाहीत. डिझेल किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकण्यापूर्वी हे लक्षात घ्यावं. साध्या नोंदणीतही आरटीओची परवानगी घेतल्याशिवाय इंजिन बदलू नये.

गैरसमज: इंजिन सुरू झालं, काम संपलं

नव्या रिंगा सिलिंडरशी जुळायला पहिले काही शे किलोमीटर लागतात. या काळात इंजिन उभ्या जागी तासभर घुरघुरत ठेवू नये, आणि तुळजापूरचा घाट टॉप गियरमध्ये रेटत चढू नये. गियर खाली घ्यावा, वेग कमी-जास्त करत राहावं. कॅम नवा असेल तर पहिली वीस मिनिटं दोन हजारांच्या आसपास फेरे ठेवावेत. बाटलीवरचं ‘सर्वांत आधुनिक’ हे लेबल पाहून ऑइल घेऊ नये. या इंजिनाला 20डब्ल्यू-50 आणि त्यात पुरेसं जस्त-फॉस्फरस लागतं, जे नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये कमी केलेलं असतं. पाचशे ते आठशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदलावेत, इंजिन थंड असताना हेडचे नट पुस्तिकेतल्या क्रमाने टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळावेत, टॅपेट लावावेत, आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे पहिल्या आकड्यांशेजारी वहीत लिहावेत.