आधी पाणी, मग विस्तव

पावसाळ्यातल्या रविवारी इंदूरहून महूच्या पुढे निघालेल्या गाड्यांच्या डिक्की उघडून पाहिल्या, तर बऱ्याच ठिकाणी दोन गोष्टी सापडतील: प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कोरड्या कंड्यांचं पोतं आणि तुपाचा डबा. पाताळपाणीचा धबधबा, चोरलचं धरण, जानापावचा डोंगर किंवा अहिल्याबाईंच्या काळातलं जाम गेट, जायचं कुठेही असो, दुपारचं जेवण ठरलेलं असतं. दाल-बाफले. डाळ आणि बटाट्याची भाजी एखादी स्टोव्हवरही करून घेईल. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, मात्र जमिनीवर पेटवलेल्या कंड्यांवरच भाजले पाहिजेत, याबद्दल माळव्यात फारसे मतभेद नाहीत. कंडे म्हणजे आपल्या गोवऱ्या.

मराठी माणसाला महू माहीत असतं ते बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून. तिथलं रेल्वे स्थानकही आता डॉ. आंबेडकर नगर झालं आहे. १८१८ मध्ये होळकरांबरोबरच्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली आणि लष्कराचा मुक्काम आजतागायत हललेला नाही. कवायतीच्या या गावाभोवतीच्या माळरानावर आणखी एक शिस्त पिढ्यान् पिढ्या शिकवली जाते. तिला वर्ग नाही, फी नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. ती विस्तवाची शिस्त आहे.

अमेरिकेत याच विद्येचे रीतसर वर्ग भरतात. स्पर्धा जिंकलेले पिटमास्टर, म्हणजे मंद विस्तवावर तासन् तास मांस शिजवण्यात मुरलेले आचारी, काहीशे डॉलर घेऊन शनिवार-रविवारी शिष्यांना भट्टीपाशी उभं करतात. जॉर्जिया राज्यातल्या मायरन मिक्सन यांनी अशी शाळा चालवली. कॅलिफोर्नियात हॅरी सू या मूळच्या मलेशियाच्या गृहस्थांनी आयटीतली नोकरी सांभाळून स्पर्धा जिंकल्या आणि घरच्या अंगणात वर्ग घेतले. अशा वर्गात मसाल्यांची चर्चा होतेच. पण खरा वेळ जातो तो भट्टीचं तापमान ११० ते १२० अंश सेल्सियसच्या आसपास दहा-बारा तास टिकवण्यात. झडप किती उघडायची, कोळसा कधी घालायचा आणि झाकण कधी अजिबात उघडायचं नाही, हा खरा अभ्यासक्रम.

बीफ ब्रिस्केट हा गाईच्या छातीचा चिवट तुकडा त्या अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडा. आतलं तापमान चढत चढत सत्तरीच्या आसपास पोचतं आणि तिथे तासन् तास अडून बसतं. मांसाच्या पृष्ठभागावरून उडणारी वाफ भट्टीची उष्णता खाऊन टाकत असते, घाम आल्यावर अंग गार पडतं तसं. नवशिका घाबरून आग वाढवतो आणि मांस वाळवून ठेवतो. मुरलेला आचारी ते कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतो. वाफ आतच कोंडली जाते, चिवट धाग्यांचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. थोडक्यात, आधी धूर आणि विस्तव, मग वाफ.

बाफल्याचा क्रम नेमका उलटा आहे.

कणीक रवाळ दळलेली हवी. पोळीच्या पिठाचे बाफले चिकट होतात. माळव्याच्या काळ्या जमिनीतला कडक, काचेसारखा कठिया गहू त्यासाठी चांगला. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने ‘मालवशक्ती’सारखे या गव्हाचे वाण दिले, बाहेर त्याचा पास्ता होतो, इथे बाफले. कणकेत थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, थोडं दही आणि तुपाचं सढळ मोहन घालून घट्ट भिजवायचं. गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे. आधी ते तळाशी बसतात, शिजत आले की वर येतात. पंधरा-वीस मिनिटांनी काढून निथळायचे आणि अंगावरचं पाणी सुकेपर्यंत ठेवायचे. राजस्थानची बाटी हा उकळण्याचा टप्पा घेत नाही, थेट विस्तवात जाते. म्हणून बाटी खुसखुशीत आणि खणखणीत, तर बाफला वरून कडक आणि आतून मऊ.

उकळण्यामागचं शास्त्र सोपं आहे. पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, गोळ्यावर पातळ साय धरल्यासारखा थर बसतो आणि आतला भाग निम्म्याहून अधिक शिजतो. न्यूयॉर्कचे बेगल ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी उकळतात तेही याचसाठी. शिजवण्याची जबाबदारी पाण्याने आधीच उचललेली असते. विस्तवाकडे उरतं ते वाळवणं, तांबूस करणं आणि वास देणं. त्यामुळे बाफला बाटीपेक्षा क्षमाशील आहे. आत कच्चा राहण्याची भीती कमी. करपण्याची भीती मात्र तेवढीच.

इथे कंड्यांची बाजू समजून घ्यावी लागते. वजनाला वजन धरलं तर वाळक्या शेणात लाकडी कोळशाच्या निम्म्याहून कमी उष्णता असते आणि राख भरपूर पडते. कारखान्याच्या हिशेबात हे हलकं इंधन. बाफल्यांसाठी हाच त्याचा गुण आहे. जळत्या कंड्यावर राखेची दुलई आपोआप चढते, हवा आत बेताने शिरते आणि निखारा धुमसत राहतो. पिटमास्टर लोखंडी झडपेने जे साधतो, ते इथे राख फुकटात करते.

कंडे एकमेकांना टेकवून रचतात, मध्ये हवेला वाट ठेवतात, पेटवतात आणि मग काहीच करत नाहीत. नवशिक्याला हेच जमत नाही. ज्वाळा दिसतात, भूक लागलेली असते, गोळे तयार असतात. पण ज्वाळेवर ठेवलेला बाफला बाहेरून काळा होतो आणि त्याला शेणाच्या धुराचा वास लागतो. धूर पूर्ण सरून निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागली की ते काठीने फोडून पसरायचे. तळहात वर धरून चटका किती वेळ सोसतो ते पाहायचं. अमेरिकेतही थर्मामीटर नसेल तेव्हा हीच परीक्षा करतात. मग बाफले मांडायचे आणि कडेने उलटत राहायचे. पाठीवर भेगा पडू लागल्या की झाले. फडक्याने राख झटकायची, मुठीत दाबून फोडायचे आणि पातळ तुपात बुडवायचे. तुपात बुडालेला बाफला चमच्याने काढावा लागतो. बोटांनी काढणारे एकदाच काढतात.

लग्नाकार्याच्या पंगतीत हे काम ‘महाराज’ म्हणवणाऱ्या आचाऱ्यांच्या हाती असतं. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्याला कणीक लगेच मिळत नाही. आधी कंडे रचणं, मग विस्तव सांभाळणं, मग उलटणं. अमेरिकन शिष्य पैसे मोजून झाकणाला हात न लावायला शिकतो, महाराजांचा शिष्य ओरडा खाऊन. धडा एकच.

फरक आहे तो परीक्षेत. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धेत चिकन, रिब्ज, पोर्क आणि ब्रिस्केट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने डब्यात भरून सादर करतात. एकेका टेबलावर सहा परीक्षक दिसणं, चव आणि मऊपणा यांना दोन ते नऊ गुण देतात. रिबचं मांस हाडावरून आपोआप गळून पडलं तर ते जास्त शिजलं असं धरतात. दाताची खूण स्वच्छ उमटली पाहिजे. परीक्षक प्रत्येक डब्यातून घास-दोन घास खातो. त्यामुळे स्पर्धेचं बार्बेक्यू त्या घासासाठीच घडवलं जातं: जास्त गोड, जास्त खारट, जास्त चकचकीत. पोटभर जेवायचं म्हटलं तर जड जातं, हे स्पर्धकच कबूल करतात. बाफल्याची परीक्षा पंगतीत होते. डाळीत कुस्करलेला एक, कढीबरोबर दुसरा, लसणाच्या चटणीशी तिसरा आणि वर चुरम्याचा लाडू. परीक्षक आडवा होईपर्यंत निकाल लागत नाही. गुणपत्रिका नसलेली ही परीक्षा जास्त कठीण म्हणावी लागेल.

मांसाहारी बार्बेक्यूच्या मानाने बाफला म्हणजे साधा कणकेचा गोळा, असं वाटणाऱ्यांनी जरा आजूबाजूला पाहावं. पश्चिमेला झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल पट्ट्यात मक्याच्या पिठाचा पानिया पानांच्या मध्ये दाबून कंड्यांवर भाजतात. पान जळतं, शिरांची नक्षी भाकरीवर उरते. रजपूत शिकाऱ्यांची ‘खड’ पद्धत तर शब्दशः खड्ड्यातली: मसाला लावलेलं मांस रोट्यांमध्ये गुंडाळून पुरायचं आणि वर विस्तव करायचा. रतलामजवळच्या सैलाना संस्थानाने अशा पाककृती जिवापाड जपल्या. राजे दिग्विजय सिंह यांचं पाककृतींचं पुस्तक १९८२ मध्ये आलं, तेव्हा त्या राजवाड्याबाहेर पडल्या. रायगडकरांना यात नवल वाटणार नाही. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात कोंबून ते उपडं ठेवून पेटवलेली पोपटी याच कुळातली, आणि तिथेही पाण्याचा थेंब न घालता पाल्याची वाफच काम करते.

शहरात आता गॅसवरचा छोटा तंदूर आला आहे. इंदूरच्या फ्लॅटमध्ये कंडे पेटवणं शक्य नाही, आणि बंद खोलीत त्यांचा धूर घेऊही नये. चुलीच्या धुराने फुप्फुसांचं काय होतं ते खेड्यातल्या बायकांनी पुरेसं भोगलं आहे. गॅसचा बाफला एकसारखा लालसर होतो, राख झटकावी लागत नाही. वासाची उणीव मात्र जाणकार पहिल्या घासालाच ओळखतात, किंवा ओळखल्याचं सांगतात. त्यांच्यासाठी गोवऱ्या आता खोक्यात बंद करून ऑनलाइनही मिळतात. आठवड्यातले सहा दिवस गॅस आणि रविवारी चोरलला कंडे, अशी तडजोड अनेक घरांनी केली आहे. तूप दोन्हीकडे तेवढंच लागतं.