श्वान तिथेच घुटमळले

चोरीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते: ‘श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान रस्त्यापर्यंत जाऊन तिथेच घुटमळले.’ मालवण, कुडाळ, कणकवलीच्या वाचकाला ते पाठ झालेले आहे. बहुतेक वेळा त्यात कुत्र्याचा काहीच दोष नसतो. चोर तिथून दुचाकीवर बसून गेला की पायांचा माग संपतो, आणि कुत्रा खरे तेच सांगत असतो. खरे घुटमळणे वेगळे असते आणि त्याची बातमी होत नाही. तीन-चार वर्षे नेमाने काम केलेला कुत्रा हळूहळू नाक जमिनीला लावेनासा होतो, सामानाच्या रांगेसमोरून नुसता चालत जातो, हस्तकाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मग निदान ठरलेले असते: रक्तातच दम नव्हता, पुढच्या वेळी दुसऱ्या जातीचे पिल्लू घेऊ. हे निदान बहुधा चुकते, आणि कोकण किनाऱ्यावर तर ते चुकण्याची शक्यता अधिक, असे माझे म्हणणे आहे.

आनुवंशिकतेची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करायला हवे. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या एमिली ब्रे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सेवा-श्वान होऊ घातलेली ३७५ पिल्ले आठ आठवड्यांची असताना तपासली. माणसाने बोट दाखवले की तिकडे जाणे, माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावणे या गुणांतील पिल्लापिल्लांमधल्या फरकाचा ४० टक्क्यांहून अधिक वाटा आनुवंशिक निघाला. तेव्हा एकाच हस्तकाच्या हाताखाली एक कुत्रा तयार होतो आणि दुसरा होत नाही, हा अनुभवी पोलिसांचा दाखला अगदी बरोबर आहे. मात्र त्यावरून ‘जात’ सिद्ध होत नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकसंच पाहिला गेला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. आईबापांची पारख ही एक गोष्ट आणि जातीची पाटी ही दुसरी. शिवाय हे सारे पुरावे कामावर घेण्याआधीच्या निवडीचे आहेत. ज्याने तीन वर्षे चोख काम केले, त्याने रक्ताची परीक्षा केव्हाच दिलेली असते. चौथ्या वर्षी त्याची जनुके बदलत नाहीत.

मग बदलते काय? याचे उत्तर देणारा मला माहीत असलेला सर्वांत बोलका प्रयोग इस्राएलमध्ये इरित गाझित आणि सहकाऱ्यांनी केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्फोटके हुंगणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांना आलटूनपालटून दोन वाटांवर नेले जाई. एका वाटेवर दरवेळी स्फोटकांचे नमुने पेरलेले असत, दुसरीवर कधीच काही नसे. थोड्याच दिवसांत कुत्रे रिकाम्या वाटेवर सुस्तावले, पहिलीवर मात्र पूर्वीसारखेच झपाट्याने शोधत राहिले. पुढे रिकाम्या वाटेवरही नमुने ठेवले, तरी तिथला उत्साह नीटसा परतला नाही. त्याच कुत्र्यांना मग एका नव्या, अनोळखी वाटेवर नेले. तिथे चार दिवसांतून एकदाच एक नमुना असे, पण तेवढ्यावर त्यांची शोधण्याची उमेद टिकली. कुत्रा तोच, रक्त तेच, शिक्षण तेच. एका वाटेवर तो कामचुकार दिसतो आणि दुसरीवर अव्वल. तेव्हा या सुस्तीला शिकवणुकीचा अभाव म्हणता येत नाही. ‘इथे काही नसते’ हा धडा तो फार चांगला शिकलेला असतो.

आता हा प्रयोग आपल्या किनाऱ्यावर आणून पाहा. किल्ल्याकडे होड्या सुटतात ती मालवणची जेटी, कुडाळचे रेल्वेस्थानक, चिपीचा विमानतळ, आंगणेवाडीच्या जत्रेची गर्दी. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काहीच सापडू नये, हीच आपली इच्छा आणि सुदैवाने तेच वास्तव. कुत्र्याच्या हिशेबात मात्र ती कायमची रिकामी वाट आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या झंजीरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून काढल्याची नोंद आहे. पुण्याच्या शिवाजीनगर येथील केंद्रात तयार झालेला तो कुत्रा गुणी होता यात शंका नाही. पण नोकरीच्या आरंभीच इतक्या वेळा शोध सफल होणे, प्रत्येक वेळी हस्तकाचा आनंद वाट्याला येणे, हे किती कुत्र्यांच्या नशिबी असते? शांत जिल्ह्यातल्या कुत्र्याची त्याच्याशी तुलना करून त्याच्या रक्ताला बोल लावणे हा अन्याय आहे.

त्यात इथली हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून तो अंग निववतो. मे महिन्यात मालवणात माणसाचा घाम जसा वाळत नाही, तसाच हा ओलावाही लवकर उडत नाही, म्हणून धाप लांबते. आणि धापताना नीट हुंगता येत नाही. गाझित यांच्याच २००३ च्या अभ्यासात श्रमाने धापणाऱ्या कुत्र्यांची स्फोटके शोधण्याची क्षमता घटलेली आढळली. दुपारी दोनला जेटीवरच्या तापलेल्या काँक्रीटवर उभा केलेला कुत्रा ‘ऐकत नाही’ असे वाटते, तेव्हा तो आपला जीव निववत असतो. यावर कोणी म्हणेल, मग उष्ण हवेतला देशी कुत्रा घ्या. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेला मुधोळ हाउंड आहेच, आणि लष्करानेही २०१६ मध्ये मेरठला त्याची पिल्ले शिकवायला घेतली. हा विचार मला पटतो. आखूड केसांचा सडपातळ कुत्रा कोकणात अधिक सुखाने राहील. पण रिकाम्या वाटेचा धडा तोही तितक्याच लवकर शिकेल.

तेव्हा दोष बहुधा रक्तात नसून हाताळणीत असतो. पण हाताळणी म्हणजे एकट्या हस्तकाचा स्वभाव नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. हस्तकाचा प्रभाव मोठा असतो खरा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत लिसा लिट यांनी कुत्रा आणि हस्तक यांच्या १८ जोड्यांची परीक्षा घेतली. तिथे वासाचा एकही नमुना ठेवलेला नव्हता, पण तो आहे असे हस्तकांना सांगितले होते. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्यांत ‘इथे आहे’ अशी खोटी सूचना आली नाही. हस्तकाची अपेक्षा अशी सूचना घडवते, तर त्याचा कंटाळा कुत्र्यापर्यंत पोचत नसेल, असे मानणे कठीण आहे. पण ड्युटीची वेळ, सरावाला मिळणारे तास, नमुने आणि गाडीतला पंखा हे हस्तकाच्या हातात नसते. ते ठरवणारे वर बसलेले असतात, आणि हाताळणीत त्यांचाही वाटा धरायला हवा.

एक आक्षेप मात्र मी पुरता खोडू शकत नाही. रक्तातला दोष कधी कधी उशिरा उगवतो. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. दुखणारा कुत्रा बसकण मारतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. जेटीवर घुटमळणाऱ्या कुत्र्याला एखाद्या थंड सकाळी, त्याने कधी न पाहिलेल्या सुरूच्या बनात न्यावे, एक नमुना लपवावा, सापडल्यावर त्याचा चेंडू त्याला मनसोक्त खेळू द्यावा. तिथे तो नाक खाली घालून धावला, तर जेटीवरही अधूनमधून नमुने पेरावेत आणि त्याच्या फेऱ्यांच्या जागा बदलत राहाव्यात. तिथेही तो बसूनच राहिला, तर आधी खुब्याचा एक्स-रे काढावा.