सोर्सवरून बांधणी अडली तर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारी जमीनदोस्त करणाऱ्या भूकंपासारख्या धक्क्यांच्या लहरींचे गणित मांडणारे 'स्पेकफेम थ्रीडी' हे मुख्यतः फोरट्रानमधले सॉफ्टवेअर आहे. ते सोर्स कोडवरून बांधताना काही गडबड झाली, की पडद्यावर शेकडो ओळी धावतात. खरी चूक बहुधा पहिल्या 'एरर'पाशी असते. शेवटची ओळ फक्त बांधणी करणारे 'मेक' थांबल्याचे सांगते. 'मेक' अनेक कामे एकदम करत असेल तर संदेशांची सरमिसळ होते, म्हणून ते एकेरी चालवावे. 'कॉन्फिगर'च अडले तर त्याची लॉग फाइल उघडावी. हेडर फाइल सापडत नसेल तर बहुतेकदा लायब्ररी असते, पण तिचे डेव्हलपमेंट पॅकेज बसवायचे राहिलेले असते. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणजे कंपायलरचे काम झाले, जोडणी फसली.

जुन्या फोरट्रानचे दुखणे वेगळे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० या कंपायलर-संचापासून त्यातला फोरट्रान कंपायलर जीफोरट्रान न जुळणाऱ्या आर्ग्युमेंटवर नुसता इशारा न देता थेट अडतो. 'अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा पर्याय दिला की गाडी पुढे सरकते, पण ती मलमपट्टीच. पर्याय बदलल्यावर आधी 'मेक क्लीन' करावे, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच वापरल्या जातात.