लावलेली बोली मागे घ्यावी का?

मंडळी, आपल्या भाषेत 'बोली' या शब्दाला दोन अर्थ आहेत. अहिराणी ही खानदेशची बोली, आणि लिलावात आपण लावतो तीही बोलीच. दोन्हीकडे मुद्दा एकच, बोलणं. म्हणून लावलेली बोली मागे घेता येते का, हा प्रश्न जितका कायद्याचा तितकाच नीतीचाही आहे. आज आपण दोन्ही अंगांनी तो पाहू.

आधी कायदा. दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीच्या ढिगाभोवती व्यापारी भाव चढवत असतात. त्यांची प्रत्येक बोली म्हणजे नुसता प्रस्ताव. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ सांगतं, की हातोडा पडला किंवा तिथल्या रूढ पद्धतीनं विक्री झाल्याचं जाहीर झालं की सौदा पक्का. तोवर बोली मागे घेता येते. हे तत्त्व जुनं आहे. इंग्लंडच्या न्यायालयानं १७८९ मध्येच ते मान्य केलं होतं. विकणाराही तोवर मोकळाच असतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम व्यवस्थेत सर्वांत वरची बोली पटली नाही, तर शेतकरी ती नाकारू शकतो.

हातोडा पडल्यावर मात्र वाट बंद. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतल्या आयपीएल लिलावात पंजाब किंग्जनं शशांक सिंगवर बोली लावली आणि मग फेरविचार करायचा म्हटलं. लिलावकर्त्या मल्लिका सागर यांनी हातोडा पडला असल्याचं सांगितलं. खेळाडू पंजाबकडेच राहिला, आणि पुढच्याच हंगामात त्यानं त्यांना सामने जिंकून दिले!

आता ऑनलाइन लिलावाकडे येऊ. बाजारात माणूस समोर उभा असतो. मागे फिरला तर चारचौघांत त्याची पत जाते. पडद्यावर ती लाज उरत नाही. समजा, धुळ्याचा एक शेतकरी जुना ट्रॅक्टर विकायला काढतो. एकानं दोन लाखांची बोली लावली. लगेच त्याच्या मित्रानं सहा लाख लावले. बाकीचे म्हणाले, आपल्या आवाक्याबाहेर गेलं, आणि निघून गेले. शेवटच्या क्षणी मित्रानं बोली काढून घेतली. ट्रॅक्टर दोन लाखांत गेला!

उलटा डावही असतो. काही साइटवर आपण आपली कमाल मर्यादा गुप्तपणे भरतो, आणि यंत्र आपल्या वतीनं लागेल तेवढाच भाव वाढवतं. आपण साडेतीन लाख भरले. विकणाऱ्याच्या माणसानं दहा लाख टाकले. भाव साडेतीनच्या जरा वर जाऊन थांबला, म्हणजे आपली मर्यादा त्याला कळली. मग 'आकडा चुकला' म्हणून तो माघार घेतो, आणि साडेतीनच्या जेमतेम खालची बोली लावून आपल्याला वर ढकलतो. विकणाऱ्याच्या अशा खोट्या बोलीबद्दल कलम ६४ स्पष्ट आहे: खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो.

मग रास्त काय? आपली मर्यादा गुप्त ठेवणं रास्त आहे. शेवटच्या मिनिटाला बोली लावणंही रास्त. म्हणून तर बऱ्याच ई-लिलावांत अखेरची बोली आली की वेळ आपोआप वाढते. पण घ्यायचंच नसताना बोली लावणं रास्त नाही. पहिल्यात मौन आहे, दुसऱ्यात असत्य. मौन पाळायचा हक्क सगळ्यांना दिला तरी लिलाव चालतो. खोट्या बोलीचा हक्क सगळ्यांना दिला, तर बोलीवर कोणी विश्वासच ठेवणार नाही, आणि मग ती खोटी बोलीही निरुपयोगी ठरेल. खोट्या वचनाविषयी कांटनं १७८५ मध्ये मांडलेला युक्तिवाद हाच.

याच कसोटीवर माघार तपासा. ईबे या साइटवर आकडा खरोखर चुकला, वस्तूचं वर्णन नंतर मोठ्या प्रमाणात बदललं, किंवा विकणाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर माघार चालते. पन्नास हजारांऐवजी पाच लाख टंकले गेले, तर तो आकडा आपण मनापासून बोललोच नव्हतो. दुसरीकडे स्वस्त ट्रॅक्टर दिसला म्हणून पहिली बोली काढून घेणं, हे या कारणांत बसत नाही.

बँकांचे लिलाव आणखी कडक. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकला गेला, तर अनामत धरून पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरावी लागते. उरलेली रक्कम साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. ती चुकली की भरलेले पैसे जप्त.

हा नियम जाचक वाटतो, पण त्या गाळ्याच्या मालकाकडेही पाहा. गाळा कमी भावात गेला तर कर्जाची उरलेली बाकी त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणून बोली लावण्याआधी वस्तू पाहा, अटी वाचा, आपला शेवटचा आकडा कागदावर लिहून ठेवा. बटण दाबण्याआधी एकच विचारा: आत्ता, याच आकड्यावर लिलाव संपला, तर आपण पैसे भरू का? उत्तर 'नाही' असेल, तर तो आकडा टाकू नका.