कळसूबाई चढताय? पाठीवरची पाण्याची पिशवी अशी वापरा

अकोले : कळसूबाई शिखर १६४६ मीटर, राज्यात सर्वात उंच. बारी गावातून चढताना वाटेत लोखंडी शिड्या लागतात, तिथं दोन्ही हात मोकळे पाहिजेत. सॅकमधून बाटली काढायचा कंटाळा येतो, माणूस पाणी पीतच नाही आणि वर चक्कर येते. म्हणून बरेच जण आता नळीवाली पाण्याची पिशवी घेतात.

दोन लिटरची घ्या. भरल्यावर उलटी धरून गळती बघा. तहानेची वाट न बघता पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. घोट घेतला की नळीत फुंकर मारा, पाणी परत पिशवीत जातं. नाहीतर नळीतलं पाणी उन्हानं तापतं.

पिशवीत किती पाणी उरलं ते पाठीवर दिसत नाही. म्हणून एक भरलेली बाटली वेगळी ठेवाच. ओआरएस किंवा सरबत त्या बाटलीतच करा. पिशवीत गोड भरलं तर नळीत बुरशी धरते. घरी आल्यावर पिशवी धुऊन उलटी टांगा, पूर्ण वाळवा.

सोबतचा माणूस उन्हानं बरळायला लागला तर सावलीत न्या, अंग ओलं करा, १०८ ला फोन लावा. शिखर कुठं पळून जात नाही.