वाळूची उभी भिंत

मुठीतून कोरडी वाळू कागदावर सोडून पाहा. ढिगाची बाजू जमिनीशी साधारण ३० ते ३५ अंशांचा कोन करते. त्यापुढे वाळू घसरू लागते.

हीच अडचण स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या माळ्यांपुढे असते. तेथील ओल्ड कोर्स हे जुने गोल्फ मैदान समुद्रकाठच्या वाळूवर आहे. त्यात 'बंकर' नावाचे वाळूचे शंभराहून अधिक खड्डे आहेत आणि अनेकांच्या भिंती जवळजवळ उभ्या! हे कसे साधते? मुळांसकट कापलेल्या हिरवळीचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचतात. प्रत्येक थर किंचित मागे सरकवतात आणि मागच्या पोकळीत वाळू ठासतात. गवताच्या मुळांचे जाळे वाळूचे कण धरून ठेवते.

तरी भिंती ढासळतातच. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतींवर ऊन अधिक पडते, गवत वाळते आणि त्या लवकर खचतात. म्हणून दर हिवाळ्यात काही बंकर पाडून नव्याने बांधतात. थंडीत बाष्पीभवन कमी असल्याने कापलेली हिरवळ सुकत नाही. मात्र गवताची वाढही थांबलेली असते. त्यामुळे मैदानावर फटक्याने उडालेली हिरवळ भरून येत नाही. यासाठी हिवाळ्यात खेळाडूंना चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. खेळाडूंची कुरकुर होत असेल, पण गवताच्या बाजूने पाहता हे योग्यच.

वर्गात मुळांऐवजी नारळाचा काथ्या बारीक कापून वाळूत मिसळा आणि ढिगाचा कोन पुन्हा मोजा.